पोरगी जगते ते गाणं

बोरीच्या भर बाजारात, नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, ऐन रंगात आलेला असताना, नवरदेवाच्या म्हाताऱ्या आजीला रस्त्यात मटकन खाली बसवण्याचा पराक्रम पूर्ण्याच्या रंगनाथ साउंड सर्व्हिसचा मालक रंगनाथ याच्या नावावर आहे. त्यानं आजीला हातही लावला नव्हता. तो बापडा घोडीच्या जरा मागं, खांद्यावर लाउडस्पीकरचा कर्णा घेऊन, आपलंच लग्न असल्यासारखा हसत चालला होता.

पुढं बँड वाजत होता. बँडनं एक गाणं संपवलं, दुसरं सुरू केलं आणि पहिल्या ओळीतच मिरवणुकीचे उभे दोन तुकडे झाले. नवरीकडचे बोरीकर गाणं ओळखून खांदे उडवायला लागले. नवरदेवाकडचे, भालकीहून आलेले कानडी पाव्हणे मात्र जागच्या जागी थिजले. बायकांनी पदर तोंडाला लावले. घोडीवरच्या नवरदेवानं हातातली लिंबू टोचलेली कट्यार हळूच खाली घेतली. नवरदेवाचे मामा दोन्ही हात वर करून बँडपुढं धावले. "बंद कर! ए, बंद कर ते!" आणि गंगम्मा, म्हणजे मामांची आई आणि नवरदेवाची आजी, जिला विचारल्याशिवाय त्या घरात भाकरीसुद्धा फुगत नसे, ती धुळीत खाली बसली.

एकाच गाण्यावर अर्धी मिरवणूक नाचायलीय आणि अर्धी रडायच्या बेतात आहे, असा देखावा बोरीनं आधी कधी पाहिला नव्हता. रंगनाथचं हसू ओठांवरच वाळलं. काय झालं ते त्याला कळलं नाही. पण जे काय झालं ते आपल्यामुळं झालं, एवढं मात्र लख्ख कळलं. काही माणसांना हे ज्ञान अनुभवानं येतं.

आणि बँडच्या मधोमध, लाल कोटातला सटवाजी डोळे मिटून क्लॅरिनेट वाजवीतच होता.

हात वर करून 'बंद कर' म्हटल्यावर बंद होणाऱ्यांतला तो नव्हता. ते का, हे कळायचं तर आधी सटवाजी कळायला पाहिजे.

सटवाजी पूर्ण्याच्या इंजिनांच्या शेडात कामाला होता. थंड पडलेल्या इंजिनात विस्तव घालायचा आणि वाफ धरेपर्यंत तो राखायचा, हे त्याचं काम. लोक म्हणत, सटवाजीच्या छातीतला भाता रेल्वेनं पोसलाय. ड्युटी सुटली की तो दगडानं अंग घासून आंघोळ करायचा, तरी नखांच्या कडेला कोळसा उरायचाच. त्याच काळ्या नखांची बोटं क्लॅरिनेटच्या चाव्यांवर फिरायला लागली की बघणाऱ्याला वाटावं, या बोटांना वजनच नाही. लग्नसराईत शेडातून रजा काढून तो पंचशील ब्रास बँडचा मास्तर व्हायचा.

त्याच्या बँडला दोन कायदे होते. पहिला, प्रत्येकाच्या पायात बूट. वैशाखातलं डांबर वितळो, ढोलवाल्याचे पाय सुजून भोपळे होवोत, मिरवणुकीत बूट काढायचे नाहीत. दुसरा कायदा तो सुपारी घेतानाच यजमानाला सांगून टाकायचा.

"सुरू तुमी म्हणाल तव्हा. बंद, गाणं सरल तव्हा."

यजमान हसून मान हलवायचे. त्यांना ती बँडवाल्याची गंमत वाटायची. ती गंमत नव्हती.

सटवाजीचा बाप आश्रुबा पूर्वी गावकीत डफडं वाजवायचा. पोळा असो, मयत असो, साहेब येवो की नवस फिटो, दारातून कुणीही हात वर करायचा, "वाजव रे!" तोच हात पुन्हा वर व्हायचा, "बस्स कर रे!" आणि आश्रुबाची टिपरी हवेत असेल तर हवेतच थांबायची. ठोका पूर्ण करायचीसुद्धा मुभा नाही. छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला. त्याच हप्त्यात आश्रुबानं डफडं खुंटीवरून काढलं आणि चुलीत घातलं. सटवाजी तेव्हा लहान होता. चामडं जळाल्याचा तो वास त्याच्या नाकातून कधी गेला नाही, आणि बाप विस्तवाकडं बघत बोलला ते कानातून. "वाजवायची लाज नव्हती रे पोरा. अर्ध्यात थांबायची होती."

पोरानं त्यातून स्वतःपुरता अर्थ काढला. त्यानं वाजवणं सोडलं नाही, थांबणं सोडलं.

त्यानं पहिल्यांदा क्लॅरिनेट घरात आणली तेव्हा आश्रुबा एक अख्खी सुगी त्याच्याशी बोलला नव्हता. मग एकदा म्हातारा काठी टेकत पूर्ण्याच्या स्टेशन रस्त्यावर आला, वरात जाईपर्यंत पानटपरीच्या आडोशाला उभा राहिला. त्यानं पोराच्या हातातल्या वाद्याकडं पाहिलं नाही, कोटाच्या सोनेरी झालरीकडं पाहिलं नाही. त्यानं पायांकडं पाहिलं. घरी गेला आणि सुनेला म्हणाला, "सटव्याला जेवायला वाढ. लय चालून आलाय." त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं.

रंगनाथ आणि सटवाजी शाळेत एका बाकावरचे. दोघांनी मिळून एक इयत्ता दोनदा केली होती, त्यामुळं मैत्री मुरलेली होती. रंगनाथचं दुकान स्टेशनाजवळ. त्यात दोन कर्णे, बॅटऱ्या, एक चावीचा आणि एक विजेचा रेकॉर्ड प्लेयर, आणि भिंतीला लागून रेकॉर्डांची चवड. नवी गाणी सटवाजी तिथंच शिकायचा. रेकॉर्ड प्लेयरपाशी पालथ्या खोक्यावर बसायचा, डोळे मिटायचा आणि बोटं मांडीवर नाचवायचा. दोन-चार वेळा सुई फिरली की चाल त्याच्या पोटात. शब्द मात्र तो ऐकत नसे.

"अरे, काय म्हणायलाय ते तरी ऐक," रंगनाथ म्हणायचा.

"शब्दाला माझ्या बाजात चावी न्हाई."

सिनेमाही तो बघत नसे. म्हणजे तिकीट काढून आत जायचा; पण शेडातल्या ड्युटीनं मोडलेलं अंग अंधार मिळाला की पाट्या पडायच्या आधीच घोरायला लागायचं. आजूबाजूचे लोक तक्रार करायचे की नायिकेचे हुंदके ऐकू येत नाहीत. त्यामुळं कोणतं गाणं सिनेमात कुठं येतं, ते हसऱ्या तोंडाचं की रडव्या, याचा त्याला पत्ता नसायचा. एकदा रंगनाथला न विचारता त्यानं ऐन हार घालायच्या वेळी एका दारुड्या नायकाचं गाणं वाजवलं. नवरीच्या बापाला आपल्या जावयाबद्दल आधीच तसा संशय होता. मोठ्या मुश्किलीनं ते लग्न लागलं. तेव्हापासून ठरून गेलं: चाल सटवाजीची, प्रसंग रंगनाथचा. हे परण्याला, हे नवरीला वाटे लावताना, आणि हे बाबा घरात बसून ऐकायचं. रंगनाथनं सांगायचं आणि सटवाजीनं डोळे मिटून मानायचं. रंगनाथला या अधिकाराचा बराच अभिमान होता.

मुंबईहून दोन वर्षं उशिरा आलेला एक हिंदी सिनेमा त्या साली आमच्या भागात गाजत होता. त्याला खरं नाव होतं, पण आमच्याकडं कुणी ते घेत नसे. सगळे म्हणत 'सायकलचा पिच्चर'. नायक सायकलवरून नायिकेच्या मागं जातो, ती त्याला चिंचा फेकून मारते, आणि तो मार खात खात गाणं म्हणतो. हे सायकलचं गाणं त्या हंगामात इतकं वाजलं की लग्नातल्या घोड्याही त्या तालावर पाय उचलायला शिकल्या.

बोरीच्या मल्लिकार्जुनआप्पांच्या महादेवीचं लग्न ठरलं ते याच हंगामात. आप्पा ज्वारी-हरभऱ्याचे व्यापारी. माणूस इतका मऊ की गिऱ्हाईकच त्यांना सांगायचं, आप्पा, जरा भाव वाढवा. त्यांचा चुलतभाऊ शिवमूर्ती याचं पूर्ण्यात किराणा दुकान होतं. बँडची सुपारी तोच घेऊन आला.

"पाव्हणे भालकीचे हायेत," शिवमूर्ती म्हणाला. "घरात कानडी बोलतेत. त्यांच्या भाषेतलं एक तरी गाणं वाजलं पाह्यजे, रंगनाथ. आमच्या आप्पाचा मान ऱ्हाईल."

कानडी गाणं पूर्ण्यात आणायचं कुठून? रंगनाथनं ओळखीच्या एका गार्डला गळ घातली. गार्डानं गुलबर्ग्याकडून एक रेकॉर्ड आणून दिली. वर कानडी अक्षरं, जिलेबीच्या कढईत पहिल्या धारेला वेटोळी पडतात तशी, आणि खाली एका सायकलीचा फोटो.

रंगनाथनं सुई ठेवली आणि उडालाच. तेच बासरीचे तुकडे, तीच व्हायोलिनं, तोच मधला ठेका! फक्त गाणारा दुसरा आणि भाषा दुसरी. कुण्या कानडी निर्मात्यानं सायकलचा पिच्चर विकत घेऊन आपल्या भाषेत काढला होता, आणि थोरल्याचा लग्नातला कोट धाकट्याच्या लग्नात उसवून घालावा तशी सगळी गाणी जशीच्या तशी वापरली होती. रेकॉर्डवर ते सायकलचं गाणं आलं तशी रंगनाथनं मांडीवर थाप मारली.

"सटवा, तुला शिकायचंच काम न्हाई! तुला येतंयच की हे!"

सटवाजीनं डोळे उघडले नाहीत. गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "हे जरा हळू म्हणायलाय."

"कानडी मानसं निवांत असतेत," शिवमूर्तीनं खुलासा केला.

"पण मजमून तोच हाय ना?" सटवाजीनं विचारलं. "शिवमूर्तीशेट, काय म्हणायलाय ह्यो?"

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडं लिंगायत माणूस दिसला की त्याला कानडी येतच असणार असं सगळे धरून चालतात. शिवमूर्तीच्या चार पिढ्या गोदावरीचं पाणी पिऊन मराठीत भांडत आल्या होत्या. त्याचं कानडी म्हणजे आजोळी ऐकलेल्या पाच-सहा शिव्या, दोन वचनं आणि 'ये', 'बस', 'जेव'. पण हे कबूल करणं म्हणजे भर दुकानात गळ्यातलं लिंग काढून ठेवण्यासारखं. त्यानं कान टवकारले, जाणकारासारखी मान डोलावली.

"प्रेमाचंच हाय. 'बा, बा' म्हणायलाय बगा. म्हंजे 'ये, ये'. बोलवायलाय पोरीला."

हे शंभर टक्के खरं होतं. पोरीला बोलवतच होता तो. पोरगी कुठं गेली होती, हे शिवमूर्तीच्या पाच-सहा शब्दांत बसत नव्हतं.

"झालं तर मग," रंगनाथ म्हणाला. "परण्याला घे. बाजारात शिरलं की."

आणि सटवाजीनं, ठरल्याप्रमाणं, मानलं.

तर आता बोरीच्या बाजारात मामा हात वर करून उभे होते, आणि सटवाजी वाजवीत होता.

ढोलवाला गडबडला, त्याची टिपरी लडखडली. सटवाजीनं डोळे न उघडता बुटानं जमिनीवर ठेका दिला. ढोल पुन्हा सावरला. मामांनी क्लॅरिनेटच्या तोंडाशी हात नेला. "ऐकू येत नाही काय रे तुला?" बोरीकरांचं नाचणं आता थांबलं होतं. नुसतं गाणंच राहिलं होतं बाजारात, आणि ते जितकं उघडं पडलं तितकं हळू व्हायला लागलं. रंगनाथला एकदम कानडी रेकॉर्ड ऐकू आली. सटवाजीनं शिकताना तीही पोटात घातली होती तर! ही चाल सायकलवर बसणारी नव्हतीच. तो हळूच सरकत सटवाजीपाशी गेला. "सटवा, बंद कर बाबा. काय तरी घोळ झालाय. माझ्या गळ्याची आण."

सटवाजीच्या मानेवरची शीर तेवढी हलली. उरलेलं कडवं त्यानं वाजवलं. शेवटचा सूर त्यानं धरला, दम होता तोवर धरला, आणि मग स्वतः होऊन सोडला.

मग मामा फुटले. तिकडच्या सिनेमात ह्या गाण्यावर नायिकेची अंत्ययात्रा निघते! अर्ध्या सिनेमात पोरगी मरते, आणि ते पोरगं तिच्या मागं चालत तिला 'ये, ये' म्हणतं! घोडीवर बसलेल्या पोरापुढं तुमी मयताचं गाणं वाजवलं, वर थांब म्हटलं तर थांबत नाही! "आप्पा, हा बँड आत्ताच्या आत्ता परत पाठवा. ह्यानं मांडवाची पायरी चढायची नाही. न्हाईतर आमीच वळतो."

सगळ्यांनी शिवमूर्तीकडं पाहिलं. शिवमूर्ती घोडीचं खोगीर नीट आहे का ते बघत होता. खोगीर नीटच होतं.

मल्लिकार्जुनआप्पा पुढं आले. "मास्तर," ते सटवाजीला हात जोडून म्हणाले, "माझी पोरगी हळदीनं बसलीय हो. तुमी... तुमी स्टँडवर जाऊन बसा. मी समदं बगतो."

सटवाजीनं क्लॅरिनेट काखेत धरली. रंगनाथला त्या क्षणी दुसरं कुणी दिसेना. पूर्ण्यातल्या अंगणात बाजेवर बसलेला आश्रुबा दिसायला लागला. रस्त्यातून परत पाठवलेला बँड! ही बातमी एसटीच्या आधी पूर्ण्यात पोचणार. म्हातारा पोराच्या पायांकडं बघणार, बूट असतील, आणि तरी त्याला कळणार की पोराला हात वर करून थांबवलं. ज्या एका गोष्टीसाठी डफडं जाळलं ती बोरीच्या बाजारात पुन्हा झाली, आणि ती घडवली एका बाकावरच्या दोस्तानं, फुकटच्या शहाणपणानं.

"मामा," रंगनाथ पुढं झाला, "चूक माझी हाय. ह्यानं न्हाई, मी सांगितलं हे वाजवायला. पाठवायचं तर मला पाठवा."

"तू कोण?"

"मी कर्णेवाला."

"मग तू बी जा!"

"थांब," खालून आवाज आला.

गंगम्मा अजून धुळीतच बसली होती. मघापासून तिला उठवायला चार बाया लागल्या होत्या. ती उठत नव्हती. तिनं नातसुनांचे हात बाजूला केले आणि सटवाजीकडं बोट दाखवलं.

"तू ये हिकडं. इतकं लोक थांब म्हणलं. का नाही थांबला तू?"

"गाणं सरलं नव्हतं, अव्वा."

मामांच्या कपाळाला आठी पडली. गंगम्मा मात्र त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तिचं मराठी अडखळत यायचं, पण येत होतं.

"आमच्या गावात तंबू येतो. हा सिनेमा मी लय बार बघितलं. हे गाणं सुरू झालं की मी उठतो, भाईर जातो. भज्यावालीजवळ उभं ऱ्हातो. गाणं संपलं की आत येतो." मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "माजी एक पोरगी होती. हा मामा सगळ्यात धाकटं, ती थोरली. लगन ठरलेलं, पातळ घेतलेलं. तापानं गेली. तिला नेतो तवा मी घरात. बायकांनी धरून ठेवलं. शेवटपर्यंत नाही गेलो मी तिच्याबरोबर."

मामांचे वर केलेले हात केव्हाच खाली आले होते; ती गेलेली पोरगी त्यांचीच बहीण होती.

"आज उठून जायाला जागा नव्हतं," गंगम्मा म्हणाली. "पुढं घोडी, मागं माणसं. आणि हा बाबा थांबतच नाही. आज मी पुरं ऐकलं."

ती ते तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. कुठल्या सुरात म्हणाली ते रंगनाथला सांगता आलं नसतं. सगळा जन्म सुरांच्या धंद्यात काढून माणसाला काही सूर ओळखता येत नाहीत.

मग तिनं रंगनाथकडं मान वळवली. "पण तुमचं माणूस नाचत होता. का?"

रंगनाथनं कर्णा खांद्यावरून खाली घेतला. "अव्वा, आमच्यात हे गाणं... म्हंजे हिंदीत... ते पोरगं सायकलीवर असतंय. आन् पोरगी त्याला चिंचा फेकून मारती."

"चिंचा?"

"व्हय. कच्च्या."

"हेच गाणं?"

"हेच. चाल हीच, बासरी बी हीच. तिकडं नेऊन भाषा बदलली त्यांनी. गोष्ट बी बदलली म्हणायची."

गंगम्मानं विचारलं, "आणि मग ती मरते कवा?"

"मरत न्हाई, अव्वा."

"मग नंतर मरते?"

"न्हाई ओ. शेवटाला लगन लागतंय त्यांचं."

"खरं सांगतो?"

रंगनाथच्या मागून, भाजीच्या पाट्यांमधून, सुलाबाई माळीण कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो आजी, मी सोता बगितलाय परभणीला! ती कशाची मरती? चांगली दोन लेकरं दावलीत शेवटाला. सासूलाच जाच करती भवानी!"

लोक हसले. हसावं की नाही अशा बेतानं हसले, पण हसले. गंगम्माच्याही तोंडावर काहीतरी सरकून गेलं. तिनं हात पुढं केला, मामांनी तिला उभं केलं. तिनं लुगड्याची धूळ झटकली, नातवाकडं पाहिलं, घोडीकडं पाहिलं, आणि सटवाजीला म्हणाली, "मग ते वाजव. पोरगी जगते ते."

रंगनाथनं तोंड उघडलं. त्याच्या जिभेवर आलं होतं: अव्वा, ते आणि हे एकच आहे, दुसरं गाणं आणू कुठून? पण सटवाजीनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं, आणि आयुष्यात एकदाच रंगनाथ वेळेवर गप्प बसला.

सटवाजीनं मामांकडं वळून विचारलं, "सुरू करू?"

मामा घुटमळले. अख्खा बाजार त्यांच्याकडं बघत होता. आई बघत होती. शेवटी ते म्हणाले, "कर."

"बंद कव्हा, माहीत हाय न्हवं?"

"माहीत हाय," मामा म्हणाले. "सरल तवा."

सटवाजीनं काखेतल्या क्लॅरिनेटचं तोंड सोडवलं, दोनदा हवेत झटकलं, पुन्हा बसवलं. जिभेनं त्यातली वेताची पट्टी ओली केली. बुटानं जमिनीवर ठेका दिला. ढोलवाल्यानं मान हलवली. आणि सटवाजीनं डोळे मिटले.

त्यानंतरचं बोरीतली माणसं पुष्कळ वर्षं सांगत. कुणी म्हणे, दुसरं गाणं पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत होतं. कुणी म्हणे, ठेका दुप्पट. सुलाबाई तर शपथेवर सांगायची की दुसऱ्या खेपेला सायकलीची घंटी वाजलेली तिनं स्वतः ऐकली. घोडीनं मात्र तालावर पाय उचलला, एवढं नक्की. नवरदेवानं कट्यार पुन्हा वर धरली. भालकीच्या बाया आधी नुसत्या चालल्या, मग एकीचं डोकं हलायला लागलं, मग दुसरीचं. मामांनी खूप वेळ स्वतःला आवरलं, पण त्यांचा एक खांदा त्यांचं ऐकेना. गंगम्मा नाचली नाही. ती बँडच्या मागोमाग सरळ चालत राहिली, मांडवापर्यंत. मधे कुठं थांबली नाही, कुणाचा हात धरला नाही. मांडवाच्या दारात पोचल्यावर तिनं हळदीतल्या महादेवीची हनुवटी उचलून पाहिली आणि विचारलं, "चिंचा आवडतात काय ग तुला?" पोरगी बावरून 'हो' म्हणाली. बरं झालं खरं बोलली.

लग्न वेळेवर लागलं. बँडवाल्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसवायची असा रिवाज. पण त्या दिवशी गंगम्मानं स्वतः उभं राहून त्यांना दुसऱ्या पंगतीत बसवलं, आणि सटवाजीच्या पानात हुग्गी अशी वाढली की तो गहू-गुळाचा डोंगर बघून त्याच्या छातीतल्या भात्यालाही धाप लागली. शिवमूर्ती त्या पंगतीत वाढायला होता. पाणी वाढता वाढता तो रंगनाथच्या कानाशी वाकून म्हणाला, "'ये, ये'च म्हणत होता की न्हाई? मी काय खोटं सांगितलं?" रंगनाथनं त्याला आजोळच्या पाच-सहापैकी एक शिवी मराठीत परत केली.

सकाळी सगळे एसटीची वाट बघत स्टँडवरच्या लिंबाखाली बसले होते. ढोल टपावर टाकायचा म्हणून दोरी बांधून तयार होता. बूट सगळ्यांच्या पायात. रंगनाथला मात्र रात्रभर डोळा लागला नव्हता. त्याच्या डोक्यात दोन्ही गाणी शेजारी-शेजारी वाजत होती. एका गाण्यात माणसं मेल्यासारखी उभी होती, दुसऱ्यात खांदे उडवीत होती. पट्टी? ठेका? मधल्या तुकड्यात काही फिरवलं? सुराच्या धंद्यातला माणूस, त्याला शोधून काढता येऊ नये म्हणजे काय! आणि दुसरीही एक गोष्ट त्याला खुपत होती. मामांनी हात वर केला तेव्हा सटवाजी थांबला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं; दोस्त म्हणून त्यानंच तर थांब म्हटलं होतं. मिटलं असतं, आणि आजी अजून भज्यावालीजवळच उभी राहिली असती.

हे सगळं त्याला सटवाजीला सांगायचं होतं. सांगायला बसला आणि नेहमीप्रमाणं निघालं भलतंच.

"सटवा, खरं सांग. पहिल्या खेपेला मयत झालं, दुसऱ्या खेपेला वरात झाली. मधी तू नेमकं बदललंस काय?"

बुटाची नाडी आवळता आवळता, वर न बघता सटवाजी म्हणाला, "थुकी झटकली."